‘च’ गाळला आणि गरीब लबाड ठरला

‘ध’चा ‘मा’ कसा झाला हे आमच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, आणि चिठ्ठीतल्या ‘धरावे’ ह्या शब्दाचे कोणी ‘मारावे’ केले अशी गोष्ट तेव्हापासून घरोघर सांगतात. ती चिठ्ठी खरी की लोकांनी मागाहून रचलेली, हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा. वाड्यातला माणूस मेला म्हणून एका अक्षराची म्हण झाली. आमच्या शेतकऱ्याच्या, सुताराच्या, मोलकरणीच्या जबाबातले अक्षर कचेरीत रोज मरते. तेथे ‘ध’चा ‘मा’ करण्याचीही कोणास तसदी पडत नाही. नुसते गाळले की काम भागते. त्याची म्हण कोणी केली नाही. म्हणून आज ह्या पानावर आम्ही त्या गाळलेल्या अक्षरांची कैफियत मांडीत आहो.

हकिकत ऐका. बीडकडचा एक ऊसतोड गडी, नवराबायको मिळून एक कोयता, कोल्हापूरकडे तोडीला आलेला. मुकादमाशी बोली झाली होती ऐंशी हजार उचलीची. हाती पडले पन्नास. हंगाम सरताना मुकादम म्हणू लागला, ऐंशी फेड. गडी तक्रार द्यावयास गेला. आम्ही आमच्या दुसऱ्या कामासाठी तेथेच बाकड्यावर बसलो होतो. कचेरी कोणती ते सांगत नाही, कारण ही गोष्ट एका कचेरीची नव्हे. गडी म्हणाला, “साहेब, म्या समदीच उचल घेतली न्हाई.” बोलणे स्वच्छ होते. समदीच घेतली नाही, म्हणजे काही घेतली, काही यावयाची राहिली. लिहिणाराने लिहिले: ‘मी सदर इसमाकडून उचल घेतलेली नाही.’ ‘समदीच’ हा शब्द त्यास गावंढळ वाटला म्हणून गेला, की हाताला घाई होती म्हणून गेला, देव जाणे. लिहिलेले त्याने तोंडातल्या तोंडात वाचल्यासारखे केले, आणि खाली डाव्या हाताचा अंगठा उठला. आम्हीही काही बोललो नाही. कागद आमच्यापासून चार हात लांब होता.

पुढची गोष्ट त्या गड्यानेच आम्हांस सांगितली. मुकादमाने पन्नास हजारांची अंगठ्याची पावती आणून पुढे टाकली. मग काय विचारता! “उचल घेतली नाही म्हणून लिहून देतोस, मग हा अंगठा कोणाच्या बापाचा?” गडी गळ्याची शपथ घेऊन सांगतो की, आपण तसे म्हणालोच नाही. ऐकतो कोण? कागद बोलत होता. खरे सांगणारा लबाड ठरला, आणि ज्याने तीस हजार दिलेच नव्हते त्याचा शब्द पक्का ठरला. पुढल्या हंगामात हा गडी त्याच मुकादमाच्या टोळीत, न घेतलेल्या तीस हजारांपायी, पुन्हा उसाच्या फडात उभा राहिला. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तेवढी नोंद येथे करून ठेवितो.

आता शहरातला कोणी शहाणा म्हणेल, कारकून बेपर्वा निघाला, त्यात भाषेचे काय? भाषेचेच सगळे आहे. त्या कारकुनाने रकमेतले एखादे शून्य गाळले असते काय? नसते, कारण शून्याला किंमत असते हे तो शिकला आहे. ‘च’ला किंमत असते हे त्यास कोणी शिकविले नाही. उलट शिकविले आहे ते असे की, अडाणी माणसाच्या बोलण्यात पुष्कळ भरताड असते, ते काढून टाकले म्हणजे मग उरते ती शुद्ध मराठी.

हे भरताड म्हणजे काय ते आपल्या घरच्या उदाहरणावर पाहू. गारपिटीने द्राक्षबाग झोपली, पंचनामा झाला, आणि वर्ष उलटले. शेतकरी म्हणतो, ‘आम्हांला भरपाई मिळाली नाही.’ आता ह्यात एक ‘च’ घाला, आणि जागा बदलून पाहा. ‘आम्हांलाच भरपाई मिळाली नाही’: म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळाली, आमचे नाव यादीतून कोणी काढले? ‘आम्हांला भरपाईच मिळाली नाही’: म्हणजे बियाणे मिळाले असेल, पुढाऱ्याची भेट मिळाली असेल, रोख रक्कम तेवढी मिळाली नाही. ‘आम्हांला भरपाई मिळालीच नाही’: म्हणजे तुमच्या दप्तरी मिळाल्याची नोंद असेल, तर ती खोटी. पहिली तक्रार यादी करणाराची, दुसरी वाटप करणाराची, तिसरी सरळ अफरातफरीची. तिन्ही तक्रारींची चौकशी वेगळ्या टेबलावर व्हावयाची आणि वेगळा माणूस अडचणीत यावयाचा. ‘च’ काढला की तिन्ही एकच झाल्या, आणि कोणीच अडचणीत आला नाही. ‘च’च्या जागी ‘बी’ किंवा ‘ही’ घाला: ‘आम्हांला भरपाईबी मिळाली नाही’, म्हणजे ह्याच्या आधी आणखी काय काय मिळाले नाही ते विचारा. ‘तरी’ घाला: ‘मला तरी मिळाली नाही’, म्हणजे दुसऱ्याच्या पदराची हमी मी घेत नाही.

‘सगळे’ ह्या शब्दाशी तर ‘च’ विळ्या-भोपळ्याची नाती जुळवितो. ‘समदी उचल घेतली न्हाई’ असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्यास दोन अर्थ काढता येतात: मुळीच घेतली नाही, किंवा पुरी घेतली नाही. त्या गड्याने ‘समदीच’ म्हटले ते ह्यासाठी, की दुसरा अर्थ पक्का व्हावा. म्हणजे ज्यास आपण अडाणी म्हणतो तो शब्द तोलून बोलला, आणि शिकलेल्याने तराजूच फेकून दिला.

व्याकरणाच्या पंडितांनी ह्या अक्षरांना घरे दिली आहेत, नाही असे नाही. ‘च’, ‘ही’, ‘मात्र’ ह्यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात. शब्दाला चिकटूनही त्याचे रूप बिघडवीत नाहीत म्हणून त्यांस शुद्ध शब्दयोगी असे नाव आहे. ‘घरात’, पण ‘घरच’. ठीक. परंतु शाळेच्या पुस्तकात पुढे आणखी एक खोली आहे, तिच्या दारावर पाटी आहे ‘व्यर्थ उद्गारवाची अव्यये’. व्यर्थ! आणि त्या खोलीत कोणास कोंडले आहे? ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’ ह्यांना. बाकीच्यांचे सोडा, ‘म्हणे’ व्यर्थ कसा ते आम्हांस कोणी पंडिताने समजावून द्यावे. ‘त्या राती तो घरी नव्हता’ आणि ‘त्या राती तो घरी नव्हता म्हणे’ ह्या दोन वाक्यांत एका माणसाचा जन्म तुरुंगात जाऊ शकतो. पहिले वाक्य डोळ्याने पाहिल्याचे, दुसरे कानावर आल्याचे. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्याचे ६०वे कलम ह्याच भेदावर उभे होते: पाहिल्याचे पाहणाऱ्यानेच सांगावे, ऐकीव चालणार नाही. तो कायदा जाऊन २०२४ साली नवा आला, पण हा भेद गेला नाही. न्यायाधीश ज्या भेदावर निकाल देतात, तो भेद आमची म्हातारी एका ‘म्हणं’ने करते, आणि आमच्या पोरांना शाळेत शिकवितात की तो शब्द व्यर्थ!

हे झाले साऱ्या मराठीस सामाईक असलेल्या शब्दांचे. आता घाट उतरून, नदी ओलांडून गेलो म्हणजे घोटाळा दुणावतो, कारण तेच अक्षर एका मुलखात एक काम करते आणि दुसऱ्या मुलखात त्याच्या उलट.

‘ना’ घ्या. पुण्याकडचा माणूस म्हणतो, ‘तो आला ना!’ म्हणजे आला, नक्की आला, किती वेळा सांगू? सावंतवाडी ओलांडून गोव्यात जा. तेथे ‘तो आयलो ना’ म्हणजे आलाच नाही. अक्षर तेच, जागा तीच, आणि अर्थ पुरता उलटा. (कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात बसली, तिला बोली म्हणण्याचा उर्मटपणा आम्ही करीत नाही. पण दोन्हीकडची माणसे एकाच बाजारात भेटतात, एकाच नावेत बसतात.) मालवणीत ‘तो येवक नाय’ म्हणजे आला नाही, आणि ‘तो येवचो नाय’ म्हणजे येणार नाही. एकात ‘क’, दुसऱ्यात ‘चो’. एक झालेली गोष्ट, एक व्हावयाची. आता घाटावरून बदलून आलेला लेखनिक ‘येवचो नाय’चे शुद्ध रूप काय करील? ‘यायचा नाही’. आणि देशावर ‘तो आमच्याकडे यायचा नाही’ म्हणजे काय? पूर्वी येत नसे! पुढे होणारी गोष्ट मागची होऊन बसली. गंमत अशी की, देशावरसुद्धा त्यात एक ‘काही’ टाकला, ‘तो काही यायचा नाही’ म्हटले, की पुन्हा पुढची गोष्ट होते. मालवणी माणसास ‘चो’ पुरतो, देशावरच्याला ‘काही’ लागतो. कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध?

‘काही’चेही एक दुखणे आहे. ‘मी चोर नाही’ हे कोणीही म्हणेल. ‘मी काही चोर नाही’ म्हणणारा सांगतो की, तुम्ही मला चोर समजून वागविता आहा, ते मला कळले आहे. आणि त्याची जागा हलली की अर्थ हलतो: ‘मी त्याला काही दिले नाही’ म्हणजे हात रिकामा धाडला, ‘मी काही त्याला दिले नाही’ म्हणजे वस्तू दिली असेल दुसऱ्याला, त्याला नव्हे.

वऱ्हाडात चला. तेथे ‘तो येऊन राह्यला’ म्हणजे येत आहे, आणि ‘तो येऊन नाही राह्यला’ म्हणजे येत नाही. पुण्यामुंबईच्या कानास काय ऐकू येते? आला, पण राहिला नाही! एका वऱ्हाडी बाईने नवऱ्याविषयी असे सांगितले आणि ऐकणाराने ‘येऊन राहिला नाही’ असे उतरून घेतले, तर नांदविण्याच्या दाव्याचे काय होईल ते वकिलांनी सांगावे. जो बापडा उंबरठाही चढला नाही तो कागदावर येऊन गेला.

आणि सर्वांत धोक्याचे आमच्या कोल्हापूर-साताऱ्याकडचे ‘न्हवं’. ‘पैसं दिलं न्हवं तुला?’ म्हणजे दिले की नाही तुला, आठव जरा; बोलणारा दिल्याचे ठासून सांगतो. ‘पैसं दिलं न्हवतं तुला’ म्हणजे दिले नव्हते. दोहोंत फरक एका ‘तं’चा आणि आवाजाच्या चढ-उताराचा. कागदावर आवाज उमटत नाही. उतरविणारा ‘न्हवं’ खोडून ‘नव्हते’ लिहितो आणि देणेकरी फेडलेल्या कर्जात पुन्हा बुडतो. त्याच मुलखात ‘न्हाई की’ म्हणजे छे, मुळीच नाही. इतर ठिकाणी ‘नाही की’ ऐकले की माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत बसतो.

पंचनाम्यात आणखी एक मौज होते. ‘पीक आलंच न्हाई असं न्हाई, पर हाती काय लागलं न्हाई,’ असे म्हातारा म्हणतो. तीन वेळा ‘न्हाई’ ऐकून लिहिणाऱ्याचे डोके फिरते आणि तो त्यांतले एक किंवा दोन ठेवितो. कोणते ठेवितो त्यावर विमा ठरतो.

ही अक्षरे दुबळी असती तर आपल्याच घरात मेली असती. त्यांचा दम पाहावयाचा तर हैदराबादेस जावे. तेथल्या दखनी बोलीने आपला ‘नको’ उचलला, त्याचा ‘नक्को’ केला. ‘मेरेकू नक्को’ असे तेथला माणूस आजही म्हणतो. आपला ‘च’ही तिने घेतला, आणि तो ‘ऐसाइच’, ‘मैंइच’ करीत मुंबईच्या रस्त्यांवर परत आला. हिंदीत ‘ही’ असता ह्या लोकांना ‘च’ का लागला? ज्या दुकानात माल चांगला मिळतो तेथेच गिऱ्हाईक जाते. हा व्यापार पंडितांनी केला नाही. शिपाई, विणकर, बाजारकरी ह्यांनी केला.

ह्यावर आमच्या प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हांस माहीत आहे. ते म्हणतात, दर बारा कोसांवर भाषा बदलते. प्रत्येकाचे बोलणे जसेच्या तसे लिहावयास लागलो तर दप्तराची खिचडी होईल. कोठे तरी एक प्रमाण हवे. आम्ही प्रमाण भाषेचे वैरी नाही. हा लेख आम्ही प्रमाण भाषेतच लिहीत आहो, कारण तो चंदगडपासून चांद्यापर्यंत कळावा असे आम्हांस वाटते. सरकारी आदेश, पाठ्यपुस्तक, पावती प्रमाण भाषेत असावी. पण जबाब ही सरकारची भाषा नव्हे, ती बोलणाऱ्याची आहे. तेथे मापाचा धोंडा बोलणाऱ्याच्या घरचा पाहिजे. सोनाराकडे दागिना मोडावयास नेला आणि त्याने खडे फेकून नुसत्या सोन्याचे वजन केले, तर आपण त्यास काय म्हणू?

आणि खिचडीची भीती खरी असती तर तिच्यावर तोड पंडितांनी स्वतःच काढून ठेविली आहे. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि १९७२ साली वाढविले, त्यांत एक नियम असा आहे की, लेखनात पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना ती त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी. वाचकहो, हे नीट ध्यानी घ्या. कादंबरीतल्या पात्राला हा हक्क आहे. लेखकाच्या डोक्यातून निघालेला, कधी न जन्मलेला शेतकरी ‘न्हाई’ म्हणाला तर तो ‘न्हाई’च छापावा असा नियम आहे. आणि हाडामांसाचा शेतकरी तहसिलीच्या दारात तेच म्हणाला, तर त्याचे ‘न्हाई’ धुऊन, पिळून, इस्त्री करून कागदावर घालावयाचे. आम्ही माणसे पात्रांहून हलकी काय?

हे काम जमणारे नाही असेही नाही. ग्रिअर्सन साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणापासून नागपुरापर्यंतच्या बोलींचे नमुने आहेत. उधळ्या मुलाची तीच एक बायबलातली गोष्ट निरनिराळ्या बोलींत उतरून घेतलेली आहे. हे नमुने कोणी गोळा केले? जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी अंमलदारांमार्फतच ते गोळा झाले. परक्या सरकारच्या कचेरीस सव्वाशे वर्षांपूर्वी, ना यंत्र ना विजेचा दिवा असता, जे जमले, ते आज खिशाखिशात आवाज धरून ठेवणारे यंत्र असता स्वतःच्या सरकारास जमू नये? पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने अलीकडे गावोगाव माणसे धाडून बोलींचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेविले आहे. चांगले केले. पण ते अभ्यासकांच्या कपाटात आहे, आणि आमचा माणूस उभा आहे तो काउंटरपुढे.

२०२४ साली ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषा म्हटले. पेढे वाटले गेले, आम्हीही एक खाल्ला. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख निघाले. ह्या आठ कोटींत ‘न्हाई’, ‘नाय’, ‘नाई’, ‘नही’ म्हणणारे किती आणि पुस्तकी ‘नाही’ म्हणणारे किती, ह्याचा हिशेब पेढे वाटणाऱ्यांनी मनाशी करावा. आकडा मोजावयाच्या वेळी आमची बोली मराठी, आणि लिहावयाच्या वेळी अशुद्ध! १९९८ पासून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. परंतु खटला उच्च न्यायालयात चढला की कागदांचे इंग्रजी होते. इंग्रजीत ‘च’ला नेमका जोडीदार नाही, तेथे ‘घेतली नाही’, ‘घेतलीच नाही’ आणि ‘मीच घेतली नाही’ ह्यांचा भेद राखावयाचा तर भाषांतर करणाऱ्यास वाक्यच नवे घडवावे लागते. तो घडवील केव्हा? मुळात ‘च’ लिहिलेला असेल तेव्हा. पहिल्या पायरीवर गळालेले अक्षर वरच्या पायरीवर कोणताही न्यायाधीश शोधून काढू शकत नाही.

एक कडू गोष्ट आपल्याच माणसांविषयीही बोलली पाहिजे. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा लेखणी एका बाजूस आणि नांगर दुसऱ्या बाजूस होता, शत्रू दिसत होता. आज खुर्चीवर पुष्कळदा आमचाच मुलगा बसलेला असतो. त्याचा बाप घरी ‘न्हाई’ म्हणतो, आई ‘म्हणं’ म्हणते. आणि हाच मुलगा समोरच्या म्हाताऱ्याचे ‘न्हाई’ ऐकून हसतो, ‘नीट बोला’ म्हणतो आणि आपल्या मताने नीट करून लिहितो. त्यास आपल्या आईचे बोलणे झाकावयाचे असते. साहेबाने तरी हसत हसत का होईना, पण उतरून घेतले. आमच्या पोराने लाजेपायी खोडले. ह्या पोरास आम्ही दोष देतो आणि त्याच्या शाळेस दुप्पट देतो.

ह्या लाजेची सर्वांत मोठी किंमत आमच्या लेकीबाळी भरतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीस मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली दिला. कायदा झाला, आणि हक्कसोडपत्रांचा सुकाळ झाला. बाप जाऊन तेरावा झालेला नसतो, तोच भाऊ कागद पुढे करतो. बहीण काय म्हणते? “दादा, मला आत्ताच काही नको.” ह्या वाक्यात ती पुष्कळ काही बोलली. आत्ता दुःखाचे दिवस आहेत. आत्ता वाटणीचे नाव काढू नकोस. माझे माहेर मला हवे आहे. पुढचे पुढे पाहू. ‘आत्ताच’ ह्या एका शब्दात तिचा सगळा हक्क राखून ठेविलेला आहे. कागदावर उतरते: ‘मला सदर मिळकतीत काहीही नको असून मी माझा हक्क राजीखुशीने सोडीत आहे.’ ‘आत्ताच’ गेला, ‘काही’चा ‘काहीही’ झाला, आणि अडीच एकराची मालकीण पाहुणी होऊन घरी गेली. दुसरी एखादी म्हणते, “मला जमीनच नको,” म्हणजे जमीन कसणे माझ्याने व्हावयाचे नाही, माझ्या वाट्याचे पैसे दे. तिचाही ‘च’ गळतो, आणि पैशाचे नावही राहत नाही. हा कागद नोंदविल्यावाचून पक्का होत नाही. म्हणजे दुय्यम निबंधकापुढे उभे राहीपर्यंत तोंड उघडावयास वेळ आहे, हे आमच्या भगिनींनी विसरू नये.

आता कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे ते पाहू, कारण ते पुष्कळांस कोणी सांगत नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद तोंडी दिली तर लिहून घेणाऱ्याने ती फिर्यादीस वाचून दाखविली पाहिजे, त्यावर सही किंवा अंगठा घेतला पाहिजे, आणि तिची प्रत फुकट दिली पाहिजे. कोर्टात साक्ष झाली की ती साक्षीदारास वाचून दाखवावयाची आणि चूक असेल तर सुधारावयाची, असे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७८व्या कलमात होते. साक्षीदार म्हणाला, मी असे बोललो नाही, आणि न्यायाधीशास सुधारणा पटली नाही, तरी त्याची हरकत टिपून ठेवता येते. २०२४च्या १ जुलैपासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली; हा हक्क तिच्यातही आहे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबाची गोष्ट मात्र निराळी. त्यावर सही घ्यावयाचीच नाही असा कायदा आहे. तो आपल्या भल्यासाठीच आहे, पण त्यात एक मेख आहे. त्या जबाबात जे लिहिले गेले नाही आणि कोर्टात तुम्ही बोललात, ती गाळलेली गोष्ट महत्त्वाची असेल तर विसंगती म्हणून तुमच्याच अंगावर येऊ शकते. म्हणजे अक्षर त्यांनी गाळावयाचे आणि खोटे तुम्ही ठरावयाचे.

म्हणून आमच्या वाचकांस आमचे सांगणे आहे. वाचून दाखवा म्हणण्यास लाजू नका. पुटपुटले तर पुन्हा मोठ्याने वाचा म्हणा. आणि वाचताना मोठे शब्द ऐकू नका. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘इसम’ हे त्यांचे दागिने आहेत, ते त्यांस लखलाभ असोत. तुम्ही ‘नाही’ कोठे आला तेवढे ऐका, आणि त्याच्या मागेपुढे तुम्ही जे बोललात ते आहे की नाही ते पाहा: ‘च’ आहे काय, ‘बी’ आहे काय, ‘सगळीच’ आहे काय, ‘अजून’ आणि ‘आत्ता’ आहेत काय, ‘म्हणं’ आहे काय. नसेल तर अंगठा पुढे करू नका. “तुमचं शुद्ध राहू द्या, माझं मला लिहून द्या,” एवढे म्हणा. रागावतील, रागावू द्या. आणि ज्यांची मुले कचेरीत लेखणी धरून आहेत त्या आईबापांनी त्यांस रात्री जेवताना एवढेच विचारावे की, आज किती जणांचा ‘च’ खाल्लास?

सरकारकडे आमची मागणी एकच आहे. जेथे जेथे माणसाचे तोंडी बोलणे कागदावर घ्यावयाचे, तेथे नकाराचे वाक्य त्याच्या तोंडच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहावे. खाली वाटल्यास प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. दोन ओळी जास्त लागतील. कागदाचा खर्च आम्ही वर्गणी काढून देऊ.

ह्या कामी आम्हांस वाचकांची मदत पाहिजे. आपल्या गावी ‘आला नाही’, ‘येणार नाही’, ‘येतच नाही’, ‘अजून आला नाही’ आणि ‘आला नाही म्हणे’ ही पाच वाक्ये कशी बोलतात, ती आहेत तशी, काही न सुधारता, गावाच्या व तालुक्याच्या नावासह आमच्याकडे लिहून पाठवावी. लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या पोराकडून लिहवून घ्यावी, आणि पाठविण्यापूर्वी त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचवून घ्यावी.